व्हिएतनामी चित्रपटातलं प्रेम कसं बघावं: आधी कान, मग डोळे

मागच्या दिवाळीनंतरची भिशी माझ्याकडे होती. आम्ही सात जणी, सगळ्या इचलकरंजीतल्याच. जेवणं आटोपल्यावर मी टीव्हीवर एक व्हिएतनामी चित्रपट लावला आणि उत्साहाने सांगून बसले की ही प्रेमकथा आहे. पावणेदोन तासांनी दिवे लावले तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘चित्रं फार सुंदर होती गं, पण प्रेम कुठे होतं त्यात?’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी आधी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं. व्हिएतनामी चित्रपटातली माणसं एकमेकांना ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं क्वचितच म्हणतात. ते कुठे ऐकायचं आणि कुठे बघायचं हे माहीत असेल तर मात्र पडदा प्रेमाने ओसंडून वाहत असतो. वहिनींसाठी जे वहीत लिहून काढलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

मला हे कसं कळलं तेही सांगते. यजमानांच्या सुताच्या व्यापारामुळे आम्ही चार वर्षं सायगावला राहिलो. कागदोपत्री ते हो ची मिन्ह शहर, पण तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात. बिन्ह थान्ह भागातल्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खाली साठीच्या आसपासचं घरमालक जोडपं राहायचं. मालकीणबाईंना मी ‘को’ म्हणायचे, म्हणजे आत्या. माझी भाषा त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता झाली आणि चित्रपट बघायची सवयही त्यांच्याच टीव्हीसमोर लागली.

आधी हे शब्द कानात बसवा

व्हिएतनामी भाषेत आपल्यासारखे सरळ ‘मी’ आणि ‘तू’ रोजच्या बोलण्यात फारसे नसतात. समोरच्याशी आपलं जे नातं, तेच सर्वनाम होतं. मी कोंशी बोलताना स्वतःला ‘चाउ’ म्हणायचे, म्हणजे भाची. त्यामुळे दोन माणसं एकमेकांना काय म्हणतात यावरून ती एकमेकांची कोण आहेत ते उघड होतं, आणि तो शब्द बदलला की नातं बदललं.

पहिली जोडी: ‘आन्ह’ आणि ‘एम’. आन्ह म्हणजे थोरला भाऊ, एम म्हणजे धाकटं भावंड. प्रेमिक आणि नवरा-बायको हेच शब्द वापरतात. पुरुष स्वतःला आन्ह म्हणतो आणि तिला एम. ती स्वतःला एम म्हणते आणि त्याला आन्ह. आपल्या कानाला हे विचित्र वाटेल, पण त्यात भावंडपणा उरलेला नसतो, जवळीक असते. आता पडद्यावर काय घडतं बघा. नवी ओळख झालेली दोन माणसं स्वतःला ‘तोय’ म्हणतात. हा शिष्टाचाराचा, हातभर अंतर राखणारा ‘मी’. मग एखाद्या संध्याकाळी, बोलता बोलता, ती स्वतःला ‘एम’ म्हणते. संपलं. तिने कबुली दिली. तळाशी इंग्रजी अक्षरांत तेच सपाट ‘यू’ चालू राहतं आणि आपला प्रेक्षक म्हणतो, काहीच घडलं नाही.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं त्या क्षणी काय होतं हे आपण जाणतो. माझ्या आईने कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. तिच्या ‘अहो’मध्ये सगळं होतं.

उलटा प्रवासही तितकाच महत्त्वाचा. भांडणात बायको पुन्हा ‘तोय’वर आली, तर आवाज न चढवताही तिने दार लावून घेतलं असं समजा. मी वहीच्या पानावर दोन रकाने आखते, एक त्याचा, एक तिचा. सर्वनाम बदललं की एक रेघ मारते. वीस मिनिटांत कान तयार होतो.

दुसरा शब्द ‘मिन्ह’. अर्थ शरीर, आपण स्वतः. जुनी जोडपी एकमेकांना याच शब्दाने हाक मारतात. खालच्या मजल्यावरचे काका रोज दुपारी पडवीतून ‘मिन्ह अऽय’ अशी लांबट हाक द्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, तेच कोंचं नाव. स्वतःलाच हाक मारल्यासारखी बायकोला हाक मारणं मला अजूनही त्या भाषेतली सगळ्यात गोड गोष्ट वाटते. परक्यासमोर नवऱ्याचा किंवा बायकोचा उल्लेख करताना ‘न्या तोय’ म्हणतात, शब्दशः ‘माझं घर’. ‘आमच्या घरातून येतील’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला यात नवल वाटलं नसतं.

तिसरी जोडी: ‘येउ’ आणि ‘थुओंग’. दोन्हींचा अनुवाद प्रेमच होतो. येउ म्हणजे प्रेमात पडणं. थुओंग म्हणजे जीव लावणं, माया, कळवळा. दक्षिणेकडचा माणूस बायकोबद्दल थुओंग म्हणतो तेव्हा त्यात तिच्या कष्टांची जाणीव असते. को म्हणायच्या की येउ दोन वर्षांत विझू शकतं, थुओंग असेल तर माणसं म्हातारी होईपर्यंत एकत्र राहतात.

आणि शेवटचा शब्द ‘झुयेन’, सायगावी उच्चार ‘यूएन’. हा कळल्याशिवाय तिथली एकही प्रेमकथा पूर्ण कळत नाही. झुयेन म्हणजे दोन माणसांची गाठ पडावी असा योग. त्याच्या जोडीला ‘नऽ’ येतो, म्हणजे देणं, ऋण. गाठ पडली पण संसार झाला नाही, तर म्हणतात झुयेन होता, नऽ नव्हता. लग्न टिकण्यासाठी दोन्ही लागतात. आपल्याकडे या दोन शब्दांसाठी एकच शब्द आहे, ऋणानुबंध. म्हणून मराठी प्रेक्षकाने व्हिएतनामी चित्रपट बघताना पाश्चात्त्य समीक्षकांचा चष्मा लावायची गरज नाही. वीस-वीस वर्षं वाट बघून शेवटी हात रिकामे राहिलेल्या नायकाची कीव करत बसू नका. तिथला प्रेक्षक त्याच्याकडे वेगळ्या हिशोबाने बघतो.

उच्चाराबद्दल एक छोटी खूण. ज्या अक्षराला हनोईत ‘झ’ म्हणतात त्याला सायगावात ‘य’. पात्र ‘झ’ म्हणत असेल तर ते उत्तरेचं. १९५४ साली देशाची उत्तर-दक्षिण अशी विभागणी झाली, त्यानंतरच्या कथांमध्ये कोण कुठल्या बाजूचं आहे हे अनेकदा यावरूनच कळतं.

पहिला चित्रपट कोणता लावावा

मी चुकले ते इथेच. ‘हिरव्या पपईचा गंध’ या चित्रपटापासून सुरुवात केली. तुम्ही दांग न्यात मिन्ह यांच्या १९८४ सालच्या कृष्णधवल चित्रपटापासून करा. मूळ नावाचा अर्थ ‘दहावा महिना कधी येईल’. दहावा चांद्रमहिना म्हणजे उत्तरेकडचा भाताच्या कापणीचा काळ.

नायिकेचं नावच झुयेन. ले वान या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. झुयेन सीमेवर लढणाऱ्या नवऱ्याला भेटायला जाते आणि तिथे कळतं की तो कधीच मारला गेला आहे. परतीच्या वाटेवर ती नदीत पडते. गावातला शिक्षक खांग तिला वाचवतो आणि त्यामुळे ही बातमी त्यालाही कळते. घरी आजारी सासरे आहेत, लहान मुलगा आहे. सासऱ्यांना धक्का सोसणार नाही म्हणून झुयेन कुणालाच काही सांगत नाही. ती खांगला विनवते, माझ्या नवऱ्याच्या नावाने घरी पत्रं लिहा.

बघायचं ते इथून पुढे. एक माणूस दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहितो आणि लिहिता लिहिता त्याचं स्वतःचं मन त्यात उतरायला लागतं. तो ते बोलू शकत नाही. गाव मात्र बोलू लागतं. चार भिंतींआड एका सैनिकाची बायको आणि एक अविवाहित शिक्षक भेटतात, यापलीकडे गावाला काय दिसणार?

दोन प्रसंगांपाशी थांबा. पहिला गावातल्या ‘चेओ’चा. चेओ म्हणजे उत्तरेकडचं गायन-नाट्य, देवळापुढच्या अंगणात होणारं. झुयेन त्यात लढाईवर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणाऱ्या बायकोचं काम करते. ओळी नाटकातल्या आहेत, पण प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी एका खांगलाच ठाऊक आहे की ती आता नाटक करत नाही. बोलता बोलता तिचा बांध फुटतो आणि ती मंचावरून पळत सुटते.

दुसरा प्रसंग जिवंत आणि मृत यांच्या बाजाराचा. सातव्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला मृतात्मे परत येतात अशी तिथली श्रद्धा आहे. आपल्या पितृपक्षाची आठवण यावी असेच ते दिवस. त्या बाजारात झुयेनला तिचा नवरा भेटतो. दोघांचे हात एकमेकांकडे येतात, स्पर्श मात्र होत नाही. या प्रसंगात तळाची अक्षरं वाचू नका. फक्त हात बघा. मी हा प्रसंग कोंबरोबर पाहिला तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यातल्या भावाच्या फोटोकडे बघत बसल्या.

२००८ साली सीएनएनने आशियातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी केली त्यात याचं नाव होतं. ते नसतं तरी मी हाच आधी लावला असता, कारण पुढे जे काही बघायचं त्याची सगळी बी-बियाणं इथे आहेत: वाट बघणं, बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून बोलणं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी आपलं दुःख गिळणं.

वाट बघणाऱ्या बाया

व्हिएतनाममध्ये जागोजागी ‘नवऱ्याची वाट बघणारा दगड’ दाखवतात. मूल कडेवर घेऊन समुद्राकडे बघत उभी राहिलेली बाई शेवटी दगड झाली, अशी कथा. ही कथा डोक्यात ठेवूनच तिथले युद्धकाळातले चित्रपट बघावेत.

१९५४ च्या जीनिव्हा करारात देश सतराव्या अक्षांशावर तोडला गेला. क्वांग त्री प्रांतातली बेन हाय नदी ही सीमा झाली. विभागणी दोन वर्षांपुरती आहे, मग निवडणुका होतील, असं ठरलं होतं. निवडणुका झाल्या नाहीत. उत्तर व्हिएतनामने बनवलेला पहिला कथाचित्रपट १९५९ चा, ‘चुंग मोत झोंग सोंग’, म्हणजे ‘एकाच नदीवर’. तो लढाईवर नाही. तो नदीच्या दोन काठांवरच्या व्हान आणि ह्वाय या जोडप्यावर आहे. लग्न ठरलेलं असतं आणि मधल्या पाण्याला सरहद्द म्हणू लागतात. प्रचार आहे का? आहे, भरपूर आहे. पण एका नव्या राज्याने स्वतःची पहिली गोष्ट सांगायला घेतली आणि ती एका अडलेल्या लग्नाची निघाली, याचा विचार करा.

युद्धातल्या संसाराचा माझ्या मते सर्वांत थोर चित्रपट म्हणजे होंग सेन यांचा १९७९ चा ‘कान्ह दोंग ह्वांग’, म्हणजे ओसाड शेत. मेकाँगच्या खोऱ्यातला पाण्याखालचा प्रदेश. बा दो आणि साउ सोआ हे जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन पाण्यावरच्या झोपडीत राहतं आणि निरोप पोचवण्याचं काम करतं. वरून अमेरिकन हेलिकॉप्टरं फिरतात. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की आईबाप बाळाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, आपल्याबरोबर पाण्याखाली नेतात. आवाज दूर गेला की वर. पुन्हा आवाज, पुन्हा खाली.

आता यात प्रेम बघायचं कसं? हेलिकॉप्टर नसतानाची दृश्यं बघा. त्यांचं रुसणं, त्याने पकडलेले मासे, कामं वाटून घेणं, बाळाशी खेळणं. मृत्यू दर अर्ध्या तासाने डोक्यावरून जातो आणि ही दोघं मधल्या वेळात अगदी साधा संसार करतात. १९८१ साली मॉस्कोच्या महोत्सवात याला सुवर्णपदक मिळालं. शेवट सांगत नाही. हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकाच्या खिशातून एक फोटो पडतो, तेवढाच लक्षात ठेवा.

हात आणि ताट

आता त्रान आन्ह हुंग यांच्याकडे वळायला हरकत नाही. मी वहिनींना आधी दाखवलेला तो चित्रपट यांचाच, १९९३ चा, ‘हिरव्या पपईचा गंध’. गोष्ट १९५१ च्या सायगावातली, पण संपूर्ण चित्रीकरण फ्रान्समधल्या स्टुडिओत झालं. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला आणि ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोचलेला तो पहिला व्हिएतनामी चित्रपट ठरला.

दहा वर्षांची मुई एका घरी कामाला येते. पपई कशी कापायची, भाजी कशी परतायची, ताट कसं मांडायचं हे थोरल्या मोलकरणीकडून शिकते. दहा वर्षांनी ती ख्युयेन नावाच्या पियानोवादकाकडे कामाला जाते. त्याची एक वाग्दत्त वधू आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धात बोलणं जवळजवळ नाहीच. तो पियानो वाजवतो, ती स्वयंपाक करते. प्रेम कुठे आहे? ती वाढते त्या पद्धतीत आहे. आणि मग त्याची नजर हळूहळू पियानोवरून तिच्याकडे वळते, त्यात आहे. पुढे तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो.

या चित्रपटात आणखी एक प्रेमकथा आहे आणि आमच्या सातही जणींच्या नजरेतून ती निसटली होती. वरच्या मजल्यावर घरातली विधवा आजी जपात बुडालेली असते, खाली येतच नाही. एक म्हातारे गृहस्थ गल्लीत घुटमळतात आणि छोट्या मुईला विचारतात, आजी बऱ्या आहेत ना? कितीतरी वर्षांचं त्यांचं हे प्रेम आहे. वर जायचं त्यांच्यात धाडस नाही. आजीला निदान लांबून एकदा बघता यावं, इतकंच मागणं. चित्रपट पुन्हा लावाल तेव्हा फक्त या म्हाताऱ्यासाठी लावा.

ताटाबद्दल आणखी सांगते. व्हिएतनामी घरात जेवताना मधल्या ताटलीतला चांगला तुकडा चॉपस्टिकने उचलून दुसऱ्याच्या वाडग्यात ठेवतात. कोण कुणाच्या वाडग्यात ठेवतं, याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. रुसवा संपलेला कुणी बोलून दाखवत नाही, माशाचा तुकडा वाडग्यात येतो. तसाच तो प्रश्न: ‘आन कोम चुआ?’ भात खाल्लास का? आपलं ‘जेवलास का?’ जिथे जिथे वापरता येतं, तिथे तिथे ते हा प्रश्न वापरतात.

याच दिग्दर्शकाचा २००० सालचा हनोईतल्या तीन बहिणींवरचा चित्रपट मला पपईहून जास्त जवळचा वाटतो. आईच्या श्राद्धाचा स्वयंपाक करताना तिघी हसतात, एकमेकींची थट्टा करतात, आणि प्रत्येकीच्या घरात काहीतरी झाकून ठेवलेलं आहे. थोरलीच्या नवऱ्याचा दुसरीकडे संसार आहे. इथे प्रेमाबरोबर लपवणंही बघायला शिका. संसार मोडू नये म्हणून गप्प राहणं हे तिथे, आणि आपल्याकडेही, किती बायकांनी केलं आहे. मधल्या बहिणीचं काम करणारी ले खान्ह ही झुयेन झालेल्या ले वानची सख्खी बहीण. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघितले तर चेहऱ्याची ठेवण ओळखू येते.

यांचाच ‘सिक्लो’ १९९५ साली व्हेनिसच्या सुवर्णसिंहाचा मानकरी ठरला. तो फार हिंसक आहे. घरात एकत्र बसून बघण्यासारखा नाही.

सायगावच्या सायकलरिक्षावाल्याचं प्रेम बघायचं असेल तर टोनी बुई यांचा १९९९ चा तीन ऋतूंचा चित्रपट लावा. रिक्षावाला हाय एका वेश्येच्या प्रेमात आहे. रिक्षाच्या शर्यतीत जिंकलेले पैसे देऊन तो तिची एक रात्र घेतो आणि तिला वातानुकूलित खोलीत नुसतं झोपू देतो. हेच ते थुओंग.

गाणं कळलं की अर्धं काम झालं

दक्षिणेत ‘काय लुओंग’ नावाचं संगीत नाटक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. संगीत रंगभूमी पाहिलेल्या मराठी माणसाला ते लगेच आपलं वाटेल. त्याचा प्राण म्हणजे ‘व्हाँग को’ हा गायनप्रकार. तो ज्या गाण्यातून वाढला ते बाक लियेवच्या काव व्हान लाउ यांनी सुमारे १९१९ मध्ये रचलं. रात्रीचा नगारा ऐकून नवऱ्याच्या आठवणीने झुरणाऱ्या बायकोचं ते गाणं. मूल होत नाही म्हणून घरच्यांच्या दबावाखाली त्यांना बायकोपासून दूर व्हावं लागलं होतं. पुरुषाने बाईच्या तोंडून विरह गायचा, हे विराण्या ऐकत वाढलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

व्हाँग कोमध्ये गायक लांब तान घेत शेवटच्या स्वरावर उतरतो आणि सभागृह टाळ्यांनी भरून जातं. को रविवारी टीव्हीवर काय लुओंग लावायच्या आणि त्या उतरणीला हातातली भाजी तशीच सोडून टाळी वाजवायच्या.

हे एवढं कानावर घालून मगच लिऑन ले यांचा २०१८ चा ‘साँग लांग’ बघा. साँग लांग म्हणजे पायाने वाजवायचं छोटं लाकडी तालवाद्य. गोष्ट १९८० च्या दशकातल्या सायगावची. झुंग हा व्याजाने दिलेले पैसे वसूल करणारा दांडगट. नाटक मंडळीकडून वसुली करायला येतो तेव्हा तो त्यांच्या कपड्यांवर पेट्रोल ओततो. नायकाची कामं करणारा लिन्ह फुंग त्याला अडवतो. पुढे एका रात्री दोघं झुंगच्या खोलीवर येतात, व्हिडिओ गेम खेळतात, वीज जाते, आणि झुंग बापाचं जुनं तंतुवाद्य बाहेर काढतो. तो वाजवतो, दुसरा गातो.

दोन पुरुषांमधलं प्रेम आहे आणि त्यात साधं चुंबनसुद्धा नाही. मला त्याची उणीव कुठेही भासली नाही. लिन्ह फुंगला आधी कुणीतरी ऐकवलेलं असतं की तुझं गाणं स्वच्छ आहे, पण तू प्रेम केलेलं नाहीस म्हणून त्यात जीव नाही. त्या रात्रीनंतर तो रंगमंचावर उभा राहतो तेव्हा त्याचा आवाज ऐका. नाटक मी चाउ आणि त्रोंग थुई यांचं, शत्रूच्या मुलाशी लग्न झालेल्या राजकन्येची आख्यायिका. पडद्यावर नाटकातले संवाद चालू असतात आणि ते सगळे त्या दोघांचे असतात, झुयेनच्या चेओसारखेच.

व्हिएतनाममध्ये समलिंगी विवाहावरची बंदी २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने उठली, पण अशा विवाहाला मान्यता मात्र मिळाली नाही. दोन खाणकामगारांच्या प्रेमावरचा, त्रुओंग मिन्ह क्वी यांचा २०२४ चा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, पण मायदेशात त्याला परवानगी मिळाली नाही. साँग लांगची नाजूक चाल या पार्श्वभूमीवर बघावी.

अलीकडचे दोन, थोडक्यात

व्हिक्टर व्हू यांचा २०१९ चा ‘मात बिएक’ न्गुयेन न्यात आन्ह यांच्या कादंबरीवरचा. शाळकरी वयापासून न्गानचं ‘हा लान’ नावाच्या मुलीवर प्रेम. ती शहरात जाते, दुसऱ्याच्या प्रेमात पडते, पदरात मूल येतं, तो सोडून जातो. न्गान गावातच शिक्षक होऊन वाट बघत राहतो. ह्युए परिसरातली हिरवाई डोळे निववणारी आहे आणि गाणी सुंदर आहेत. तरुण मुलींना हा आवडतोच. उत्तरार्धात हा लानची मुलगी त्याच न्गानकडे ओढली जाते, तो भाग मला अस्वस्थ करतो. तो खुशाल अस्वस्थ करू द्या आणि नंतर त्यावर बोला. इथे झुयेन होता, नऽ नव्हता, हे वाक्य उपयोगी पडतं.

त्रान थान्ह यांचा ‘माय’ २०२४ च्या तेतला, म्हणजे चांद्र नववर्षाला प्रदर्शित झाला आणि त्या वेळेपर्यंतची सर्वाधिक कमाई त्याने केली. माय सदतिशीची, मसाज करून पोट भरणारी. शेजारचा झुओंग वयाने लहान. रूढीप्रमाणे धाकट्याने तिला ‘ची’, म्हणजे ताई म्हणायला हवं. प्रेमिक झाल्यावर मात्र वयाने लहान पुरुषही ‘आन्ह’ होतात. पहिल्या भागात शिकलेलं सगळं इथे वापरून बघा. हा अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे.

हे प्रेम समजू नका

उत्तरेच्या डोंगरातल्या ह्मोंग समाजात मुलगी पळवून नेऊन लग्न करण्याची चाल आहे. प्रवासवर्णनांत ती गमतीची, रंगीत गोष्ट म्हणून येते. दिग्दर्शिका हा ले झिएम यांचा २०२१ चा माहितीपट बघितल्यावर ती तशी वाटणार नाही. दी नावाच्या शाळकरी मुलीला नववर्षाच्या दिवसांत एक मुलगा घरी नेतो आणि पुढचे दिवस दोन्ही घरं तिच्यावर दबाव टाकतात. तिला शाळा शिकायची आहे. कॅमेरा धरलेली बाई शेवटी मधे पडते.

एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदाराच्या घरी तिसरी बायको म्हणून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर ॲश मेफेअर यांचा चित्रपट आहे. २०१९ मध्ये तो व्हिएतनाममधल्या चित्रगृहांतून चार दिवसांत काढून घेतला गेला. कारण प्रणयदृश्यं असलेल्या त्या भूमिकेसाठी निवडलेली मुलगी स्वतः तेरा वर्षांची होती. चित्रपट दिसायला विलक्षण देखणा आहे. मी तो भिशीत लावणार नाही.

घरी कसा दाखवावा

मूळ नाव रोमन अक्षरांत, वरची-खालची चिन्हं सोडून लिहिलं तरी शोधात सापडतं. दिग्दर्शकाचं नाव जोडा. जुने सरकारी चित्रपट बऱ्याचदा यूट्यूबवर मिळतात. छपाई खराब असली तरी आवाज नीट आहे ना ते आधी तपासा, कारण आपलं अर्धं बघणं कानानेच आहे.

जेवण आधी उरकून घ्या. जेवताना लावलात तर ताटांकडे लक्ष जाईल आणि पडद्यावरची ताटं निसटतील.

सुरुवातीला दहा मिनिटं बोला. आन्ह, एम, तोय, मिन्ह एवढे चार शब्द फळ्यावर किंवा कागदावर लिहून टीव्हीखाली चिकटवा. मी मागच्या वेळी विड्याची पानं आणि सुपारीही ठेवली होती. व्हिएतनामी लग्न ठरवताना तबकात हेच नेतात. त्यामागची कथा सांगितली: दोघे सारखेच दिसणारे भाऊ, थोरल्याची बायको चुकून धाकट्याला नवरा समजते, तो लाजून घर सोडतो आणि नदीकाठी चुन्याचा दगड होतो. शोधत गेलेला थोरला त्याच्या शेजारी सुपारीचं झाड होतो, आणि दोघांना शोधत आलेली ती त्या झाडावर चढलेली नागवेल. पान, सुपारी आणि चुना एकत्र चघळले की रंग लाल येतो. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कथा एकदाच सांगावी लागते.

मधे थांबवू नका. कुणी विचारलं, ‘आता काय झालं?’ तर उत्तर शेवटी द्या. प्रश्न विचारणारीचे डोळे एव्हाना पडद्यावर असतात आणि पुढच्या पाच मिनिटांत तिला ते सापडतं.

फेब्रुवारीत आम्ही झुयेनचा चित्रपट लावला. वहिनींच्या हातात दोन रकान्यांची वही होती. बाजाराचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी जाताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, ‘त्या मास्तरांनी लिहिलेल्या पत्रांत तो स्वतःला काय म्हणवून घेत असेल गं? आन्हच ना?’

आन्हच. नवऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्याला दुसरा शब्दच नव्हता.